एड थिगपेन कोपनहेगनला गेल्यावर पुढे काय झालं?

रेकॉर्डवाला_पुणे

नमस्कार मंडळी. पियानिस्ट ऑस्कर पीटरसन, बासवादक रे ब्राउन आणि ड्रमर एड थिगपेन या जॅझ त्रिकुटाच्या रेकॉर्ड मी कॉलेजपासून ऐकत आलोय. 'नाइट ट्रेन' तर आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे. प्रश्न त्यातल्या ड्रमरबद्दल आहे.

१९६५ मध्ये त्याने पीटरसनला सोडलं, मग गायिका एला फिट्झजेराल्डबरोबर काही वर्षं वाजवलं आणि १९७२ मध्ये कोपनहेगनला जाऊन स्थायिक झाला. कुठेही वाचायला जा, गोष्ट इथेच आटपते. पुढचं वाक्य थेट २०१० मधल्या निधनाचं. मधली सगळी वर्षं गेली कुठे? जगातल्या सर्वात गाजलेल्या त्रिकुटात सहा वर्षं बसलेला माणूस, वय जेमतेम एक्केचाळीस, आणि एकदम डेन्मार्क? तिथे जॅझच्या ड्रमरचं पोट कशावर चालायचं? त्याची कारकीर्द तिकडे जाऊन मावळली असं समजायचं का?

शिवाय त्या काळातलं त्याचं काय ऐकावं तेही सांगा. माझी मुलगी ड्रम शिकते. तिच्या क्लासमध्ये ब्रश (काठ्यांऐवजी वापरायचे, झाडूसारख्या तारांचे) कुणी हातातही धरत नाही, म्हणून हा माणूस तिला नीट ऐकवायचा आहे.

---

पैलतीर_माल्मो

दादा, मावळली वगैरे मुळीच नाही. थोडं सविस्तर लिहितो, कारण हा माणूस माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. मी स्वीडनमध्ये माल्मोला राहतो, सामुद्रधुनीच्या अलीकडे. पलीकडे कोपनहेगन. लहानपणापासून तबला वाजवत होतो, इथे आल्यावर संध्याकाळच्या वर्गात ड्रम शिकायला लागलो आणि पहिल्याच महिन्यात थिगपेनचं नाव कानावर पडलं. तो इथल्या संगीत महाविद्यालयात शिकवायचा. माल्मो-कोपनहेगन पूल २००० साली झाला, त्याआधी सगळी ये-जा बोटीने. राहायचं एका देशात, शिकवायचं दुसऱ्या देशात, असा त्याचा क्रम होता.

आता मुख्य मुद्दा. परदेशी स्थायिक झालेल्या अमेरिकन वादकांच्या गोष्टी आपण सॅक्सोफोनवाल्यांच्या अंगाने ऐकलेल्या असतात. डेक्स्टर गॉर्डन, बेन वेबस्टर, स्टॅन गेट्झ. त्यांचं नाव पोस्टरवर मोठ्या अक्षरांत. ड्रमरचं तसं नसतं. सॅक्सोफोनवाला एकटा विमानात बसून कुठल्याही गावी जातो, तिथले स्थानिक साथीदार घेतो आणि वाजवतो. एकट्या ड्रमरला असं कोण बोलावणार? पण नाण्याची दुसरी बाजू बघा. तो एकटा आलेला सॅक्सोफोनवाला ज्यांच्या जिवावर वाजवतो ते साथीदार गावात हजर असावे लागतात. युरोपातल्या क्लबांना अमेरिकेहून अख्खा बँड आणणं परवडत नव्हतं. ते एक नावाजलेला वादक बोलवायचे आणि पियानो, बास, ड्रम हे त्रिकूट स्थानिक. म्हणजे ज्या शहरात उत्तम ड्रमर राहतो त्या शहरात मोठे वादक येतात. थिगपेन कोपनहेगनचा तो ड्रमर झाला.

आपल्याकडे मोठ्या तबलजींची कारकीर्द कुठे सापडते? गवयांच्या ध्वनिमुद्रिकांवर, खाली लहान अक्षरांत. थिगपेनची तशीच शोधावी लागते. बँडचा नेता म्हणून त्याचं नाव शोधलं की हाती फारसं लागत नाही आणि लोक समजतात की माणूस अंतर्धान पावला.

कोपनहेगन ही अशी जागा एका दिवसात झाली नव्हती. स्टोरे रेग्नेगेड या गल्लीत १९५९ मध्ये 'मोंमार्त्र' क्लब उघडला. हेर्लुफ कॅम्प-लार्सन हा तो चालवायचा. बासवादक ऑस्कर पेटिफोर्ड तेव्हा शहरात आलेलाच होता, पण १९६० मध्ये तो तरुणपणीच गेला. गॉर्डन १९६२ मध्ये युरोपात आला आणि कोपनहेगनमध्ये रमला. पियानिस्ट केनी ड्रू १९६४ मध्ये आला आणि मरेपर्यंत इथेच राहिला. त्याच्या शेजारी बासवर नील्स-हेनिंग ओर्स्टेड पेडरसन हा डॅनिश पोरगा, पंधरा-सोळाव्या वर्षापासून मातब्बरांच्या साथीला बसलेला. ड्रमवर कधी ॲलेक्स रील हा इथलाच, कधी अमेरिकेहून आलेला अल्बर्ट 'टूटी' हीथ. १९६७ च्या उन्हाळ्यात मोंमार्त्रमध्ये गॉर्डनचं जे ध्वनिमुद्रण झालं त्यात हीथ आहे. थिगपेन आला तेव्हा जमीन आधीच नांगरलेली होती.

याच सुमाराला एक विलक्षण अदलाबदल झाली. पीटरसनचा जुना ड्रमर कोपनहेगनला आला आणि कोपनहेगनचा बासवादक, हाच पेडरसन, पीटरसनबरोबर जगभर वाजवायला लागला. त्या एका गोष्टीवरून इथल्या वादकांची पातळी कळावी.

आणि १९७२ मध्येच नील्स विंथरने कोपनहेगनमध्ये 'स्टीपलचेस' ही रेकॉर्ड कंपनी काढली. इथून पुढे थिगपेन सापडायला लागतो. तुम्ही पहिल्यांदा घ्यावी अशी रेकॉर्ड म्हणजे पियानिस्ट ड्यूक जॉर्डनची 'फ्लाइट टू डेन्मार्क', नोव्हेंबर-डिसेंबर १९७३ ची. बासवर मॅड्स विंडिंग, ड्रमवर थिगपेन. मुखपृष्ठावर बर्फाने भरलेल्या रानात जॉर्डन उभा आहे. हा जॉर्डन १९४७ च्या सुमाराला चार्ली पार्करच्या पंचकात होता आणि नंतर न्यूयॉर्कमध्ये पोटासाठी त्याने टॅक्सी चालवली. ज्या माणसाला त्याच्या शहराने विसरून टाकलं होतं त्याची इतकी स्वच्छ, इतकी निवांत रेकॉर्ड इथे होते, आणि तिच्या तळाशी थिगपेन आहे. जॉर्डनला कुठे घाई नाही, कारण खाली लय कुणीतरी हातात धरून बसलंय. 'मावळणं' म्हणतात ते जर हे असेल तर मला त्याचा अर्थच कळत नाही.

त्याच वर्षी होरेस पारलानची 'अरायव्हल'. पारलानच्या उजव्या हाताला लहानपणी पोलिओ झाला होता, तरीही किंवा त्यामुळेच त्याची पियानोची अशी घडण झाली की दुसऱ्या कुणाची आठवण येऊ नये. त्यानेही डेन्मार्कच गाठलं आणि तिथेही ड्रमवर थिगपेनच.

पुढे सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस थॅड जोन्स डॅनिश रेडिओच्या बिग बँडचं, म्हणजे मोठ्या जॅझ वाद्यवृंदाचं, नेतृत्व करायला आला. काउंट बेसीच्या बँडसाठी संगीत लिहिणारा अर्नी विल्किन्सही आला आणि १९८० मध्ये त्याने 'ऑलमोस्ट बिग बँड' उभा केला, त्यातही थिगपेन. व्हायोलिनवादक स्वेंद आस्मुसेनबरोबर त्याने वाजवलं. व्हायोलिनखाली ड्रम वाजवायचे म्हणजे काय दिव्य असतं ते ड्रमरलाच विचारा. आवाज जरा वर गेला की व्हायोलिन बुडालंच. आणि अमेरिकेहून कुणी फेरीवर आलं, क्लार्क टेरी, मिल्ट जॅक्सन, 'लॉकजॉ' डेव्हिस, तर त्यांच्यामागे थिगपेन.

पोटाचं म्हणाल तर क्लब, रेडिओ, ध्वनिमुद्रण, दौरे आणि शिकवणं अशी सगळ्याची मोट होती. डेन्मार्कने १९७६ मध्ये संगीतासाठी स्वतंत्र कायदाच केला, म्हणजे संगीताला सरकारी पैसा देण्याची रीतसर व्यवस्था झाली. कोपनहेगनचा जॅझ महोत्सव १९७९ पासून. अमेरिकेत त्याच काळात रॉकच्या लाटेत एकामागून एक जॅझ क्लब बंद पडत होते आणि ब्रश वाजवणाऱ्या ड्रमरला तिकडे कुणी विचारत नव्हतं. कृष्णवर्णीय वादकांना मायदेशी काय सोसावं लागायचं ते वेगळं सांगायला नको.

---

शिरवईचा_कर्नेट

पैलतीर, फार छान लिहिलंत. माझे आजोबा गोव्याहून मुंबईला आले आणि हॉटेलांच्या बँडमध्ये कर्नेट (ट्रम्पेटसारखं वाद्य) वाजवायचे, म्हणून एक गोष्ट जोडतो.

अमेरिकेतले कृष्णवर्णीय वादक घर सोडून दूर देशी राहिले आणि तिथल्या पोरांना घडवून गेले, हे आपल्या किनाऱ्यावरही घडलंय. लिऑन ॲबीचा बँड १९३५ मध्ये मुंबईच्या ताजमध्ये वाजवायला आला. पियानिस्ट टेडी वेदरफोर्ड तर इकडचाच झाला, मुंबईत वाजवलं, कलकत्त्यात वाजवलं आणि १९४५ मध्ये कलकत्त्यातच वारला. त्यांच्याबरोबर बसून गोव्याचे वादक तयार झाले आणि तेच पुढे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत शिरले. फरक इतकाच की इथे त्यांना सांभाळायला कायदा नव्हता, रेडिओचा बिग बँड नव्हता, रेकॉर्ड काढणारा विंथर नव्हता. त्या माणसांचं कितीतरी वादन कुठेच नोंदलं गेलं नाही. घरी आजोबांची वही आहे, त्यात रागदारीसारखे सूर लिहिलेत, पण आवाज एकही नाही. कोपनहेगनचा हेवा वाटतो तो इथे.

एक विचारतो. थिगपेन मुळात कुठला? इतकं हळू वाजवण्याची हिंमत कुठून आली असेल?

---

पैलतीर_माल्मो

शिरवईकर, वेदरफोर्डची आठवण काढलीत, बरं वाटलं. तो आणि थिगपेन एकाच घराण्यातले म्हणायला हरकत नाही.

थिगपेन २८ डिसेंबर १९३० ला शिकागोत जन्मला आणि लॉस एंजेलिसला वाढला. वडील बेन थिगपेन हे स्वतः ड्रमर. कॅन्सस सिटीच्या अँडी कर्कच्या बँडमध्ये त्यांनी वर्षानुवर्षं वाजवलं, ज्या बँडात पियानोवर मेरी लू विल्यम्स होती. म्हणजे नाच चालू असताना लय ढळू द्यायची नाही हे बाळकडू. शाळा जेफर्सन हायस्कूल, डेक्स्टर गॉर्डनचीही तीच. दोघं पुढे कोपनहेगनमध्येच येऊन राहिले.

हळू वाजवण्याची हिंमत मला वाटतं बिली टेलरच्या त्रिकुटात आली. १९५६ ते ५९ तो तिथे होता. पियानो, बास आणि ड्रम एवढंच असलं की लपायला जागा नसते. मग पीटरसन. आणि पीटरसनच्या त्रिकुटात आधी ड्रमच नव्हते, गिटार होती! हर्ब एलिस गेल्यावर पीटरसनने गिटारच्या जागी ड्रम आणायचं ठरवलं आणि थिगपेनने ती जागा घेतली. पीटरसनची बोटं धबधब्यासारखी कोसळतात, रे ब्राउन आपल्या जागी भक्कम. त्यात भर घालायची म्हटलं तर दुसरा कुणी दणादण वाजवत सुटला असता. थिगपेनने उलट केलं.

'यू लुक गुड टू मी' हे वाजवणं पुन्हा एकदा कान देऊन ऐका, १९६४ च्या 'वी गेट रिक्वेस्ट्स' मधलं. सुरुवातीला ब्राउन गजाने बास वाजवतोय आणि मधूनच किण् असा एक बारीक आवाज येतो. तो ट्रँगल. थिगपेनचाच. मग लय सुरू होते आणि त्याचे ब्रश येतात. लक्ष फक्त त्या 'श्श' आवाजावर ठेवा. तो आवाज तुटत नाही. डावा हात स्नेअरवर, म्हणजे समोरच्या मुख्य ड्रमवर, गोल फिरतोय, तारा हेडवरून, म्हणजे त्याच्या पडद्यावरून, उचलल्याच जात नाहीत, आणि उजवा हात त्याच वर्तुळाला छेद देत ठोके टाकतोय. काठीने वाजवलं की आघात होतो आणि आवाज विरतो. ब्रशने आवाज लांबवता येतो. ड्रमला मींड देण्याचा तेवढा एकच मार्ग आहे, आणि मी तबल्याकडून आलो असल्यामुळे मला तो चटकन पटला.

हे सगळं त्याने १९८१ मध्ये कागदावर उतरवलं. 'द साउंड ऑफ ब्रशेस' हे ते पुस्तक. हाताने कुठून कुठे जायचं, कुठे दाबायचं आणि कुठे सैल सोडायचं, हे आकृत्या काढून दाखवलंय. ब्रश हे तोवर बहुतेक बघून-बघून उचलायचं काम होतं. या पुस्तकानंतर ज्याला गुरू जवळ नाही त्यालाही वाट मिळाली. माझ्या मते त्याने आयुष्यात केलेल्या कामात हे सर्वात मोठं, पीटरसनच्या रेकॉर्डींपेक्षाही. आणि ते डेन्मार्कला आल्यानंतरचं आहे. शिकवण्याची ओढ मात्र आधीपासूनची. १९६० मध्ये पीटरसन आणि ब्राउनबरोबर त्याने टोरंटोत संगीत-शाळा काढली होती. दौऱ्यांच्या रेट्यात ती काही वर्षांतच बंद पडली. इथे दौऱ्यांचा तसा रेटा नव्हता, म्हणून शिकवणं टिकलं.

---

रेवती_गोथेनबर्ग

मी फिजिओथेरपिस्ट आहे, जॅझमधलं मला फार कळत नाही. पण स्कॅंडिनेव्हियात राहिलेला अमेरिकन ड्रमर म्हटलं की आमच्या क्षेत्रात दुसरंच नाव निघतं, ते सांगितल्याशिवाय राहवेना.

रॉनी गार्डिनर. जन्म १९३२, अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडचा. साठच्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनला आला आणि इथेच राहिला, जॅझ ड्रमर म्हणून वाजवत. १९९० च्या दशकात त्याने ड्रमच्या अंगाने व्यायामाची एक पद्धत बसवली. पडद्यावर खुणांची ओळ असते. प्रत्येक खुणेला एक उच्चार आणि एक हालचाल ठरलेली. संगीत लावायचं, त्या लयीत खुणा वाचत जायचं, तोंडाने उच्चार म्हणायचा आणि त्याच वेळी हात-पाय त्याप्रमाणे हलवायचे. डावं-उजवं वेगळं. वाचणं, बोलणं, ऐकणं आणि हलणं एकाच ठेक्यात. ड्रमर चारही हातापायांनी वेगवेगळं काम करतो, तेच त्याने पक्षाघात झालेल्यांसाठी सोपं करून मांडलं.

आमच्या गोथेनबर्गमध्ये यावर रीतसर अभ्यास झाला, २०१७ मध्ये 'स्ट्रोक' या नियतकालिकात छापून आला. पक्षाघात होऊन दहा महिने ते पाच वर्षं उलटलेले १२३ जण. म्हणजे 'आता आणखी काही सुधारणार नाही' असं ज्यांना सांगितलं जातं ते लोक. एका गटाला आठवड्यातून दोनदा, बारा आठवडे ही ताल-पद्धत, दुसऱ्याला घोडेस्वारी, तिसऱ्याला सध्या काहीच नाही. आपण बरे होतोय असं सांगणाऱ्यांचं प्रमाण घोडेस्वारीत ५६ टक्के, तालाच्या गटात ३८ टक्के आणि काहीच न केलेल्यांत १७ टक्के. घोडा जिंकला खरा, पण दवाखान्याच्या खोलीत घोडा आणता येत नाही!

मी हे वर्ग घेते. एका आजोबांचा डावा हात मांडीवरून उचलत नव्हता. गाणं सुरू झालं की त्यांचं लक्ष हातावरून उठून खुणांवर जायचं आणि हात आपोआप गुडघ्यावर थाप मारायचा. नुसतं 'हात उचला' म्हटलं की तोच हात जड व्हायचा. ड्रमर लोकांना हे बहुधा नवीन वाटणार नाही.

---

रेकॉर्डवाला_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. रेवतीताई, माझ्या मोठ्या काकांना दोन वर्षांपूर्वी झटका येऊन गेलाय, तुम्हाला स्वतंत्र निरोप पाठवतो.

पैलतीर, 'फ्लाइट टू डेन्मार्क' काल रात्री मुलीबरोबर ऐकली. तिचा पहिला प्रश्न: "बाबा, हा नक्की वाजवतोय ना?" आणि चौथ्या मिनिटाला ताटलीवर चमच्याने गोल-गोल सुरू. आता सांगा, तिला ब्रश कसे घ्यायचे आणि सुरुवात कुठून करायची? आणि त्याच्या स्वतःच्या नावावरची एखादी रेकॉर्ड?

---

पैलतीर_माल्मो

वा! चमच्याने सुरू झालं म्हणजे कान बरोबर जागी आहे.

ब्रश तारांचे घ्या, आत ओढून घेता येतील असे. तारांऐवजी प्लॅस्टिकच्या काड्या असलेले आत्ता नकोत, त्यांना तसा 'श्श' येत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे स्नेअरचं हेड. पारदर्शक गुळगुळीत हेडवर ब्रश फिरवला तर जवळजवळ काहीच ऐकू येणार नाही. पांढरा खरखरीत लेप असलेलं, कोटेड हेड हवं. क्लासमधल्या ड्रमवर ते नसेल तर तिचा ब्रशचा सराव तिथे होणारच नाही, मग घरी एक कोटेड प्रॅक्टिस पॅड घ्या. तारा पूर्ण उघडू नका, पंखा निम्म्याच्या थोडा पुढे. आधी फक्त डावा हात, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने एक गोल, एका मात्रेला एक फेरी. आवाज कुठेही तुटता कामा नये, विशेषतः वर्तुळाच्या वरच्या बाजूला, कारण तिथे मनगट वळताना तारा उचलल्या जातात. संथ लयीत करा. वेगात हे झाकलं जातं, विलंबितात लगेच उघडं पडतं. उजवा हात त्यानंतर, आणि तोही आधी नुसता दुसऱ्या नि चौथ्या मात्रेवर.

त्याच्या स्वतःच्या नावावर १९६६ ची 'आउट ऑफ द स्टॉर्म' आहे, अमेरिकेतली. क्लार्क टेरी, केनी बरेल, हर्बी हॅनकॉक आणि रॉन कार्टर एवढी माणसं एका रेकॉर्डवर. पण मुलीसाठी मी उतारवयातली सुचवीन. १९९१ ची 'मिस्टर टेस्ट' घ्या. त्यात फक्त तिघं, टोनी पुरोनची गिटार, मॅड्स विंडिंगचा बास आणि हा. पियानोच नाही, त्यामुळे ड्रमचा एकेक स्पर्श मोकळा ऐकू येतो. विंडिंग तोच, 'फ्लाइट टू डेन्मार्क' मधला, तेव्हा पंचविशीचा होता. दोन्ही रेकॉर्ड लागोपाठ लावल्या तर या दोघांची बैठक इतक्या वर्षांत किती घट्ट झाली ते तिला आपोआप कळेल. नंतर डॅनिश पियानिस्ट कार्स्टन डाल आणि बासवादक जेस्पर बोदिलसेन यांच्याबरोबरचं त्रिकूट ऐका. हे दोघं त्याच्या पुढच्या पिढीतले.

हेड मिळालं की कळवा. कोणत्या मापाचं स्नेअर आहे तेही सांगा, बहुतेक चौदा इंची असेल, पण विकत घेण्याआधी मोजा.